पूर्वेकडे पाय

शांतवन मास्तर पँट घालून झोपत.

सुरतेत, उधन्याच्या पत्र्याच्या खोल्यांत मे महिन्यात माणसं अंगावर ओलं फडकं टाकून पडतात. तिथे हे गृहस्थ इस्त्रीची पँट आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा घालून चटईवर आडवे व्हायचे. उशाशी घडी केलेले मोजे, दाराशी पॉलिश केलेले बूट, बुटांची टोकं रस्त्याकडे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "लग्नाचं बोलावणं आलंय. नवरदेव कधी येईल ते सांगितलेलं नाही. लुंगीवर जाऊ?"

त्यांची बायको सगुणाबाई आतून ऐकत असायची. "आज बी नाई आला तर ती इस्त्री मोडंल," ती म्हणायची, "अन् उद्या पुन्हा मीच करायची. त्यानं एकदा काय ते कळवावं."

मास्तर सकाळी स्वतःचे बूट पुसताना तिच्या चपलाही पुसून शेजारी ठेवत.

नवरदेव म्हणजे येशू ख्रिस्त. आम्ही ख्रिस्ती लोक मानतो की तो एकदा येऊन गेला आणि पुन्हा येणार आहे. कर्णा वाजेल, मेलेले उठतील आणि सगळे त्याच्यासमोर उभे राहतील. दर रविवारी आम्ही हे तोंडाने म्हणतो, मग घरी जाऊन मटणाचा रस्सा खातो आणि झोपतो. मी स्वतः तसाच आहे, हे आधीच सांगून टाकतो. कापड मार्केटमध्ये माझं पार्सल बुकिंगचं काम आहे. दिवाळीच्या गाड्या मी श्रावणात ठरवतो. मध्येच प्रभू आला तर त्या गाड्यांचं काय, असा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. मास्तरांच्या मनात तो रोज असे. तो येणार हे खरोखर धरून चालणारा मी पाहिलेला तो एकच माणूस.

मास्तर मूळचे जालन्याकडचे. पांडेसऱ्याच्या एका साडीच्या मिलमध्ये डाइंग मास्तर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी नखांच्या कडेला निळं-जांभळं राहिलेलंच होतं, आणि उकळत्या रंगाच्या वाफेने घसा कायमचा घोगरा झाला होता. अंगाने बारीक, मान ताठ, स्वभावाने हट्टी. लोकांना ते आवडायचे असं म्हटलं तर खोटं होईल. लोक त्यांना वचकून असत, आणि ते दिसले की आपला कुठला हिशोब चुकता व्हायचा राहिलाय, असं प्रत्येकाला वाटू लागे.

आमची मराठी मंडळी लहान आहे. गुजराती लोकांची उपासना सकाळी आटोपली की दुपारी चारला ते चर्च आम्हाला मिळतं. मास्तर तीन वाजताच येऊन बाकं पुसत, आणि मग दारात उभे राहून येणाऱ्याला "सलाम" म्हणायच्या ऐवजी विचारत, "तयार आहे का?"

मोठी माणसं कसनुसं हसून आत सटकत. संडे स्कूलची मुलं मात्र उत्तर देत. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिने सांगितलं, "हो मास्तर, फक्त शू करून येते."

"जा," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "पण लवकर ये."

निरोप घेतानाही त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "प्रभूला उशीर झाला तर उद्या भेटू." किराणावाला असो, डॉक्टर असो, लाइट बिलाच्या खिडकीवरचा माणूस असो. शेजारचे भास्करआप्पा खानदेशातले, अमळनेरकडचे, लूमवर काम करणारे. ते गंमत म्हणून रोज आपल्या अहिराणीत विचारत, "काय मास्तर, तुमना देव कव्हय ई?"

"तुम्ही नळ बंद केलात की," मास्तर म्हणत. आप्पांचा नळ नेहमी वाहता असे.

याच आप्पांशी एकदा त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. आप्पांच्या मोरीचं पाणी मास्तरांच्या दारात येई. मास्तर रागाच्या भरात आप्पांच्या आईबद्दल काहीतरी बोलून गेले. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. प्रभुभोजनाला आमच्याकडे भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे पेले फिरतात, आणि कोणाशी वैर मनात ठेवून तो पेला घ्यायचा नाही असा नेम आहे. नेम सगळ्यांना ठाऊक आहे. पेला मात्र सगळेच घेतात.

ताट मास्तरांपर्यंत आलं. त्यांनी ते पुढे सरकवलं, उभे राहिले, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना हात जोडले आणि बाहेर पडले. भर उन्हात चालत घरी गेले. आप्पा बनियनवर क्रिकेट बघत बसले होते. पुढचं मला आप्पांनीच सांगितलं.

"मास्तर दारात उभे. कोटबिट घालीसन. मी म्हनू, चूक मनी व्हती, माफी तुम्ही काब्र मांगतस? तं म्हने, तुमची चूक तुमच्याजवळ. माझी मात्र मला इथे टाकून जाता येणार नाही." आप्पा मान हलवत हसले. "असा मानूस! मी ती मोरी दुसऱ्याच दिवशी बांधी लिधी."

मास्तर परत आले तेव्हा शेवटचं गीत चाललं होतं. त्यांचा पेला त्यांना मिळाला नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नाही. मी त्याच बाकावर बसलो होतो. माझ्या धाकट्या भावाशी मी तेव्हा कित्येक वर्षं बोलत नव्हतो, आणि माझा पेला रिकामा करून मी ओठही पुसले होते. घरी जाऊन भावाला फोन करावा असं त्या दिवशी मनात आलं. केला नाही.

लोकांना मास्तर भोळे वाटत. ते भोळे नव्हते. एका वर्षी बाहेरगावचा एक प्रचारक लिंबायतला मोठा मंडप घालून बसला. प्रभू या महिन्याच्या आत येणार, असा आपल्याला दृष्टांत झालाय, असं तो सांगे. बाया रडत होत्या. नवापूरकडच्या एका कुटुंबाने तर मुलीला दहावीच्या परीक्षेला न बसवण्याचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी मास्तर सभेत हात वर करून उभे राहिले.

"एक विचारू? सुरतेहून पुढे कुठे?"

"बडोदा, मग नडियाद, बंधू. पुढच्या महिन्यात तिकडे सभा आहेत."

"रिझर्वेशन झालं?"

"झालं ना."

"मग आम्हीपण मुलीची परीक्षा होऊ देतो," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

सगळा मंडप हसला. परतताना मीही हसत होतो. रिक्षा उधना दरवाज्याशी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "एवढं काय हसायचं? तो खोटा निघाला म्हणजे आता प्रभू येणारच नाही, असं वाटलं तुम्हाला सगळ्यांना. सुटलो असं वाटलं."

ते खरं होतं. मला तसंच वाटलं होतं.

पण मास्तरांचा खरा हट्ट पाहायचा तर कबरस्तानात. कडोदऱ्याच्या रस्त्याला खाडीच्या कडेने आमची जागा आहे. तिच्या पश्चिमेला फाटक आणि पूर्वेला भिंत. भिंतीपलीकडे एका मिलची उंच चिमणी. ख्रिस्ती माणसाला पुरताना डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येईल, तेव्हा मेलेला माणूस उठून उभा राहिला की त्याचं तोंड थेट प्रभूकडे असलं पाहिजे, हा त्यामागचा अर्थ. आमच्याकडे हे सोप्या भाषेत सांगितलं जाई: फाटकाकडे डोकं, चिमणीकडे पाय. संडे स्कूलच्या मुलांची बरेच दिवस अशी समजूत होती की प्रभू त्या चिमणीतूनच बाहेर येणार.

मी कबरस्तान कमिटीचा सेक्रेटरी, म्हणजे पावती फाडणारा आणि खड्डा खणणाऱ्याला फोन करणारा. मास्तर कमिटीचे कोणीच नव्हते, तरी प्रत्येक दफनाला ते आधी जाऊन खड्डा बघत. एकदा एका तरुण माणसाचा खड्डा तिरपा खणला गेला होता. पेटी येऊन पोहोचली होती, ऊन रणरणत होतं, बायको रडून रडून खाली बसली होती. मास्तर म्हणाले, खड्डा सरळ करा.

मेलेल्याचा भाऊ भडकला. "माणूस गेलाय आमचा, आणि तुमचं काय चाललंय?"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. "आता त्याला स्वतःला वळता येणार नाही."

खड्डा सरळ होईपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. त्या घराने मास्तरांना पुढे कधी सलाम केला नाही.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. माझा फोन दिवसभर वाजे. खड्डा खणणारा माणूस गावी पळाला होता, जेसीबी आणून एका ओळीत खड्डे काढून ठेवले होते. घरच्यांना येऊ देत नव्हते. त्या गोंधळात आमच्या मंडळीतल्या योहानच्या वडिलांना दफनाऐवजी दहन केलं गेलं. योहानला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तो वेड्यासारखा झाला. राखेतून बाप कसा उठणार, हेच तो धरून बसला.

मास्तर मास्क लावून त्याच्या दारात गेले आणि ओट्याखाली उभे राहून बोलले. मी सोबत होतो. "योहान, ऐक. समुद्रात बुडालेले उठणार आहेत, वाघाने खाल्लेले उठणार आहेत. ज्याने मातीतून माणूस केला त्याला राख जड जाते का? तुझ्या बापाला तो नावाने ओळखतो. पत्ता शोधत येणार नाही तो." योहान तेव्हा पहिल्यांदा रडला. त्याच्या आईने आतून चहा पाठवला. तो मास्तरांनी उभ्याउभ्याच घेतला.

दोन आठवड्यांनी मास्तर आणि सगुणाबाई दोघंही आजारी पडले. एकाच दवाखान्यात, वेगवेगळ्या मजल्यांवर. मुलगा प्रवीण हजिऱ्याच्या एका प्लांटमध्ये कामाला. तोही तापाने घरात बंद. सगुणाबाई गेली तेव्हा मास्तरांच्या नाकाला ऑक्सिजन होता. त्यांना उठता येत नव्हतं. ज्याने सुरतेतल्या आमच्या प्रत्येक माणसाची दिशा बघितली, तो स्वतःच्या बायकोच्या दफनाला नव्हता.

मी होतो. पाळकसाहेब आणि मी, दोघंच. सकाळची वेळ होती. किट घातलेल्या चार पोरांनी गाडीतून पेटी काढली. त्या दिवसांत खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळत्या अशा पेट्या मिळत नव्हत्या; प्लायवूडचा सरळ खोका, दोन्ही टोकं सारखी, वर पट्ट्यांचा क्रूस ठोकलेला. आम्हाला लांब कडुलिंबाखाली उभं केलं होतं. पाळकसाहेब तिथून ओरडून वचन वाचत होते. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. मास्तरांना निदान बघता येईल, असं मला वाटलं होतं. मला वाटलं, मी एक चांगलं काम करतोय.

दवाखान्यातून सुटल्यावर मास्तर थोड्याच दिवसांत माझ्या घरी आले. गालफडं बसली होती, सदरा खांद्यावरून लोंबत होता. खुर्ची दिली तर बसले नाहीत. फोन पुढे केला. मी पाठवलेला व्हिडिओ एका जागी थांबवलेला होता.

"क्रूसाची आडवी पट्टी बघ. कुठल्या बाजूला आहे?"

मी बघितलं. क्रूसाची आडवी पट्टी डोक्याच्या बाजूला असते आणि उभ्या पट्टीचं लांब टोक पायाकडे जातं. इथे लांब टोक फाटकाकडे होतं. आडवी पट्टी चिमणीकडे.

"चुकून उलटा ठोकला असेल क्रूस," मी म्हणालो.

"पेटी करणाऱ्याला भेटून आलो. तो झाकणावर आधी क्रूस ठोकतो. मग दवाखान्यातली माणसं क्रूस बघूनच डोकं ठेवतात." त्यांनी फोन बंद केला. "तू तिथे होतास ना रे सुधीर?"

मी होतो. माझं सगळं लक्ष पेटी स्क्रीनच्या मधोमध ठेवण्यात होतं.

मास्तरांनी कमिटीकडे अर्ज नाही केला, तोंडी सांगितलं: कबर उघडून पेटी फिरवायची. चर्चच्या मागच्या खोलीत बैठक बसली. पाळकसाहेब तरुण आणि मनाने चांगले. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, कबर उघडायला सरकारी परवानगी लागते. ह्या आजारात ती कोणी देणार नाही. आणि दुसरं, रागावू नका. योहानला तुम्हीच काय सांगितलंत? राख जड जात नाही त्याला, मग दिशा जड जाईल का?"

"योहानला सांगितलं ते खरं आहे," मास्तर म्हणाले.

"मग झालं तर."

"नाही झालं. ते खरं आहे, तरी मला झोप लागत नाही." ते टेबलावरच्या आपल्या निळ्या नखांकडे बघत बोलत होते. "तिला दिशा कळत नाही. तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे. उधना स्टेशनला उतरली की घराच्या उलट चालायला लागते. रिक्षातून उतरली की उलटी. बाजारात, लग्नात, सगळीकडे. मी मागून हाक मारतो तेव्हा वळते. लग्न झाल्यापासून हेच. आता कर्णा वाजेल, एवढी गर्दी उठेल, आणि तिच्यासमोर काय? फाटक. ती सरळ फाटकातून बाहेर रस्त्याला लागेल. बरोबर चाललोय असं समजून चालत राहील."

कोणी हसलं नाही. मग एकेकाने "राहू द्या, मास्तर" म्हटलं. मीही म्हटलं.

त्यानंतर मास्तर बदलले. उपासनेला यायचे, बाकं पुसायचे, पण दारात उभे राहायचे नाहीत. मुलांना "तयार आहे का" विचारणं बंद झालं. एकदा माझ्या मुलीने, आता ती कॉलेजात होती, आपणहून म्हटलं, "मास्तर, मी तयार आहे हं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाई करू नकोस."

एका शनिवारी मी कबरस्तानात गवत कापून घ्यायला गेलो तर ते तिथे होते. सगुणाबाईचा क्रूस त्यांनी पश्चिमेच्या टोकावरून उपटून पूर्वेच्या टोकाला, म्हणजे तिच्या खऱ्या डोक्याशी, रोवला होता. सबंध ओळीत तो एकटाच विरुद्ध बाजूला उभा होता. मास्तर शेजारच्या मोकळ्या जागेवर, मातीतच बसले होते. पांढऱ्या पँटला मातीचे डाग पडले होते आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती.

"बस," म्हणाले. मी बसलो.

"सुधीर, आयुष्यभर मी एकच मागितलं. ये, प्रभू, लवकर ये. सकाळी उठल्यावर तेच, झोपताना तेच. आता मी काय मागतो, माहीत आहे? थोडं थांब म्हणतो. अजून नको येऊ म्हणतो. तो आज आला तर मी उधन्यात असणार आणि ती इथे. गर्दीत मी तिला कुठे शोधू? तो यायच्या आत मला इथे पोचलं पाहिजे. तो मला ह्याबद्दल काय करेल, मला माहीत नाही. त्याच्या येण्याची मला भीती वाटायला लागली आहे. मला."

पंचवीस वर्षं मी ज्याच्याकडून उत्तरं ऐकली, तो माणूस माझ्याकडे उत्तर मागत होता. मी शेजारचं गवत उपटू लागलो.

"ही जागा माझी आहे," ते पुढे म्हणाले. "मला तिच्यासारखं ठेवा. डोकं पूर्वेला."

"मास्तर, मग तुमचीही पाठ होईल त्याच्याकडे."

"होईल."

"तुम्ही दुसऱ्यांचे खड्डे मोडून सरळ करून घेतलेत."

"घेतले." त्यांनी सगुणाबाईच्या क्रूसाभोवतीची माती हाताने दाबली. "सरळ पुरला गेलो तर मी उठेन तेव्हा ती माझ्या मागे, माझ्याकडे पाठ करून असेल. तोपर्यंत ती चालायला लागलेली असेल. शेजारी, तिच्यासारखाच असलो तर हात लांब केला की पुरे. हात धरीन आणि मग दोघं वळू. तेवढा उशीर झाल्याबद्दल तो बोलला तर मला बोलू दे. तिला नाही."

उठताना त्यांनी माझा आधार घेतला. त्यांचं अंग लहान पोरासारखं हलकं झालं होतं. "प्रवीण ऐकणार नाही. पाळकसाहेबही नाही. तू सांग," म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी भास्करआप्पांनी दार वाजवलं, आतून उत्तर आलं नाही. मास्तर चटईवर होते. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली होती. आप्पा मला फोनवर एवढंच म्हणाले, "मास्तर निंघी ग्यात."

दफन दुपारी चारला झालं. रीतसर पेटी मिळाली होती, खांद्याशी रुंद. सगळी मंडळी आली होती, मिलमधले जुने लोक, गल्लीतले खानदेशी शेजारी. पेटी फाटकातून आत आली आणि खांदेकरी नेहमीप्रमाणे डोकं पश्चिमेला येईल असे उभे राहिले. पाळकसाहेब पश्चिमेच्या टोकाला पुस्तक उघडून थांबले होते.

मी पुढे होऊन सांगितलं.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. "प्रभूच्या येण्याकडे पाठ करून मी कोणाला पुरलेलं नाही. ही शिस्त इथे त्यांनीच लावली. दुःखात माणूस काहीही बोलतो, सुधीरभाऊ. त्यांच्याच विश्वासाच्या विरुद्ध त्यांना पुरायचं?"

प्रवीण जवळ आला होता. मास्तरांचीच ताठ मान, डोळे सुजलेले. "काका, पप्पा असं म्हणाले? उलटं ठेवा म्हणाले?"

"म्हणाले."

"तुम्हाला खात्री आहे?"

"ते म्हणाले, याची आहे," मी सांगितलं. "बाकी कशाचीच नाही."

आजही नाही. पाळकसाहेबांचं बरोबर असेल तर, ज्याने जन्मभर प्रभूची वाट पाहिली त्या माणसाला माझ्या शब्दावरून त्याच्याकडे पाठ करून ठेवलं गेलं, आणि याचा जाब मलाच द्यावा लागेल. मी तयार नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं. आता त्यात ही एक भर पडली आहे. रविवारी त्याच्या येण्याबद्दल गीत सुरू झालं की माझ्या तोंडून शब्द निघत नाहीत. मी गुणगुणल्यासारखं करतो.

प्रवीणने आईच्या क्रूसाकडे बघितलं. ओळीतल्या बाकीच्या क्रूसांकडे बघितलं. मग खांदेकऱ्यांना म्हणाला, "फिरवा."

कबरींच्या मधली वाट अरुंद आहे. सहा माणसांना पेटी घेऊन तिथे वळता येत नव्हतं. त्यांनी ती खांद्यावरून हातांवर घेतली आणि एकेक पाऊल सरकत, शेजारच्या कबरींच्या कडांवर पाय देत, हळूहळू तिचं तोंड फिरवू लागले. माणसं मागे मागे सरकली. भास्करआप्पांनी न सांगता एका कोपऱ्याला हात दिला. पेटी अर्धी वळून आडवी झाली, तेव्हा ती क्षणभर कुठल्याच दिशेला नव्हती. मग पुन्हा सरकली.

पाळकसाहेब पश्चिमेच्या टोकाला तसेच उभे होते. मला वाटलं ते निघून जातील. त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं, खड्ड्याला वळसा घातला आणि पूर्वेच्या टोकाला, डोक्याशी, येऊन उभे राहिले. उतरतं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. वाचता येईना, तेव्हा पाठ होतं तेवढं म्हणाले.

आम्ही दोर सोडत गेलो. पेटी खाली टेकली. प्रवीणने वाकून बघितलं.

"काका, बरोबर आहे ना?"

मी पेटीवरच्या क्रूसाची आडवी पट्टी बघितली, मग शेजारी बघितलं.

"हो," म्हटलं. "आईसारखीच आहे."

त्याने मूठभर माती टाकली. मी माझ्या बाजूचा दोर ओढून वर घेतला.